शिडीबाईंची शेवटची छत्री

शिडीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि तेही आमच्याच गच्चीवर. आंघोळ आटपून ओला टॉवेल वाळत घालायला वर गेलो, तर कठड्यापाशी एक अनोळखी बाई उभी. ढगळ पँट, वर पुरुषी शर्ट, कमरेच्या पट्ट्यात पक्कड आणि पाने खोचलेले. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून त्या लांब कुठेतरी बघत होत्या. माझ्या अंगावर नुसतं बनियन. मी टॉवेल खांद्यावर टाकला, आल्या पावली खाली आलो आणि हिला विचारलं, वर कोण आहे.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिडीबाई. मीच सोडलं त्यांना वर. तुमची आंघोळ होईपर्यंत ताटकळत ठेवायचं की काय?"

तेव्हा कुठे मला दाराशी भिंतीला टेकलेली ॲल्युमिनियमची शिडी दिसली. ती शिडी खांद्यावर घेऊन त्या सगळीकडे फिरायच्या, म्हणून शिडीबाई. खरं नाव पुढे कळलं, पण ते बहुधा त्यांनाच मुद्दाम आठवावं लागत असेल. फोनवरसुद्धा त्या "शिडीबाई बोलतेय" असंच म्हणायच्या.

घरोघरी इंटरनेट पोचवायचं, आणि तेही तारेवाचून, हा त्यांचा नवा धंदा होता. शहरातल्या पाण्याच्या उंच टाकीवर त्यांनी परवानगी काढून आपली पहिली छत्री बसवली होती. छत्री म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी वाटोळी थाळी, लोखंडी पाईपाला घट्ट आवळलेली. टेकडीवर आणि टेकडीमागे इंटरनेटची नवी तार टाकायला टेलिफोन कंपनीने केव्हाच नकार दिला होता. चार घरांसाठी खडक कोण फोडणार? आमचं घर टेकडीच्या माथ्यावर. पुढच्या अंगाला सगळं शहर आणि ती टाकी, मागच्या अंगाला खोल ओढा, आणि ओढ्यापलीकडच्या उतारावर विखुरलेली घरं. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की दोन्हीकडे नजर जाते. यात आमचा काही पराक्रम नाही, टेकडीच उंच आहे.

शिडीबाईंनी मला समजावून सांगितलं, "काका, यात अवघड काही नाही. इकडची छत्री तिकडच्या छत्रीला दिसली पाहिजे, बस्स. टाकीवरची तुमच्या गच्चीला दिसते, आणि तुमची गच्ची पलीकडच्या सगळ्यांना दिसते. मधे तुम्ही उभे राहिलात तर मागच्या लोकांचं भागेल."

मी "बरं" म्हणालो. नवीन माणसाशी माझं बोलणं साधारण एवढंच होतं. मी जन्मभर रंगाच्या कारखान्यात भांडार सांभाळलं. तिथे डब्यांशी बोलावं लागत नसे.

ही म्हणाली, "यांनी 'बरं' म्हटलं म्हणजे यांना आनंद झालाय असं समजायचं."

खरंच झाला होता. आमच्या गच्चीवर दोन छत्र्या बसल्या. एकीचं तोंड शहराकडे, दुसरीचं ओढ्याकडे. त्यांचं भाडं म्हणून आमचं इंटरनेट फुकट. ही त्यावर विणकामाचे नमुने बघायची, आणि मी जुन्या घड्याळांची चित्रं.

शिडीबाईंना हे छपरावरचं जगणं वडिलांकडून आलं होतं. वडील टीव्हीचे अँटेना बसवायचे. त्या काळी प्रत्येक घरावर माशाच्या काट्यासारखा एक अँटेना असे. वारा सुटला की तो फिरे, आणि पडद्यावरची माणसं मुंग्यांत बुडून जात. मग यांच्या वडिलांना बोलावणं. अंगाने हलकी म्हणून ते लेकीला बरोबर नेत. नाजूक छपरावर ती चढे, वडील खालून सांगत. त्यांचा एक नियम होता, तो शिडीबाईंनी शेवटपर्यंत पाळला. छपरावर गेलं की आधी घरमालकाचं छप्पर बघायचं, मग आकाश. काम झाल्यावर पाडलेलं भोक बुजवायचं, पडलेला खिळा उचलायचा, आणि निघताना आपण इथे आलोच नव्हतो असं वाटलं पाहिजे.

पुढे केबल आली आणि अँटेना भंगारात गेले. वडील घरी बसले आणि बसलेलेच गेले. शिडी तेवढी उरली. बरीच वर्षं शिडीबाईंनी एका विजेच्या दुकानात वायर मापून दिली. तिथेच कुणाकडून तरी या बिनतारी इंटरनेटबद्दल त्यांच्या कानावर आलं. त्या म्हणायच्या, "सगळे म्हणत होते हे नवीन आहे. मला तर ते बाबांचंच काम वाटलं. फक्त अँटेना काट्याचा गोल झाला होता."

त्यांच्या कंपनीत माणसं दोन. छपरावर त्या आणि फोनवर त्यांच्या सासूबाई. नवरा बसच्या कारखान्यात मेकॅनिक होता. तो रविवारी जड पाईप उचलून द्यायचा आणि यातलं मला काही विचारू नका असं सगळ्यांना सांगायचा.

सासूबाईंना आधी हे मुळीच पसंत नव्हतं. सून लोकांच्या घरांवर चढते हे नातेवाइकांना सांगायचं कसं, ही त्यांची पंचाईत. पण सून छपरावर असताना घरातला फोन कुणीतरी उचलायला हवा. त्यांनी तो एकदा उचलला, दोनदा उचलला, आणि मग त्या फोनजवळची खुर्ची त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. इंटरनेट कशाशी खातात हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण निम्म्या तक्रारी त्या बसल्या जागी मिटवायच्या. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी, कुठलं घर. मग, छत्रीची तार घरात जिथे येते त्या डबीवरचा हिरवा दिवा लागलाय का. नसला तर म्हणायच्या, "प्लग काढा. काढलात? आता स्वयंपाकघरात जा आणि भांडंभर पाणी पिऊन या. सावकाश प्या. आता प्लग लावा."

आणि दिवा लागायचा. लोकांना वाटे म्हातारीला काहीतरी मंत्र येतो. गोष्ट एवढीच होती की ती डबी बंद करून थोडा वेळ तशीच ठेवायला लागे. शिडीबाईंनी सासूबाईंना शिकवलं होतं, लोकांना एक मिनिट थांबायला सांगा. सासूबाई म्हणाल्या, "एक मिनिट थांब म्हटलं की कुणी थांबत नाही गं. पाणी पी म्हटलं की माणूस पितो."

हिची आणि सासूबाईंची गट्टी जमली ती आमच्या हातून घडलेल्या एका घोटाळ्यामुळे. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायची हिची जुनी सवय. आम्ही दोन दिवस मेव्हण्याकडे गेलो, हिने स्विच खाली ओढला, आणि ओढ्यापलीकडची सगळी घरं गपकन बंद पडली. सासूबाईंचा फोन वाजून वाजून तापला. पलीकडच्या उताराने त्या दोन दिवसांत किती पाणी प्यायलं असेल देव जाणे. शिडीबाई येऊन दारावरचं कुलूप बघून गेल्या. आम्ही परतलो तेव्हा मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "काकू, तुमच्या बटणावर पंधराएक घरं चालतात बरं का."

त्या दिवसापासून हिची चालच बदलली. तिने स्विचवर निळ्या लोकरीचं झाकण विणून घातलं आणि आल्यागेल्याला बजावलं, घरात काय हवं ते करा, त्याला हात लावायचा नाही. सख्ख्या बहिणीकडे जायचं तरी शेजारी किल्ली ठेवल्याशिवाय ही पायरी उतरत नसे. आणि रोज दुपारी सासूबाईंना फोन: "आमच्याकडचा दिवा हिरवा आहे. तुमच्याकडे काय?" मग तासभर जे बोलणं चाले त्यात दिव्याचं नावही नसे.

मला तर या सगळ्याने माणसं दिली. आम्ही टेकडीवर इतकी वर्षं राहिलो, पण पलीकडच्या उतारावर कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं. आता लोक चढून यायचे, दारात उभे राहून म्हणायचे, काका, दिवा बघता का जरा. मी बघायचो. मग ते चहा घेऊन जायचे. त्यांच्याशी काय बोलावं हा प्रश्न मला पडायचा नाही, कारण दिव्याबद्दल बोलायचं हे ठरलेलंच असे.

पलीकडच्या उतारावर सगळ्यात खालच्या घरात एक तरुण राहायचा. त्याला सगळे नकाशेवाला म्हणत. घरं बांधणाऱ्या एका कचेरीत तो नकाशे काढायचा. एकदा काम बघायला बांधकामाच्या परांचीवर चढला असताना परांची सुटली. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. हात शाबूत, डोकं शाबूत, आणि खिडकीपाशी खाट. तो आणि त्याची मोठी बहीण, एवढंच घर. बहीण धुलाईच्या कारखान्यात कामाला. कचेरीने सांगितलं होतं, घरून काढ, पण वेळेवर पोचव. मग बहीण नकाशे घेऊन ओढा ओलांडून, टेकडी चढून, बसने शहरात जायची. तिकडून दुरुस्त्या घेऊन यायची. पुन्हा घेऊन जायची. एका भिंतीची जागा बदलायला आठवडा. कचेरीचा धीर सुटत चालला होता. दुसरा माणूस बघतो, असं साहेब बोलूनही गेला होता. हे काम गेलं असतं तर त्याला दुसरं मिळणार नव्हतं, हे तोही जाणून होता आणि बहीणही.

शिडीबाई त्याच्याकडे जाऊन आल्या आणि आमच्या गच्चीवर चढल्या. मधला रस्ता मोकळा आहे की नाही हे बघायची त्यांची एक रीत होती. पलीकडच्या माणसाने उन्हात आरसा धरायचा आणि आमच्या गच्चीच्या रोखाने हलवायचा. गच्चीवरून चमक दिसली की छत्रीला छत्री दिसणार. नकाशेवाल्याची खिडकी पूर्वेला, आमच्याकडे तोंड करून, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्याच्या खाटेवर. त्याने दाढीचा आरसा हातात घेतला. शिडीबाई कठड्याला रेलून उभ्या, मी त्यांच्या मागे. बराच वेळ नुसताच उतार दिसत होता, आणि मग एकदम खालून एक ठिणगी उडाली.

"दिसला," शिडीबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी त्याच्या खिडकीवर छत्री बसली. बहिणीचं टेकडी चढणं थांबलं. भिंतीची जागा आता चहा निवायच्या आत बदलायची.

पुढे पानं फुटली.

आमच्या मागच्या अंगणात एक झाड आहे. हिने कुठल्याशा फळाची कोय परसात खोचली होती, तिचंच वाढत वाढत गच्चीच्या वर गेलेलं. आरशाची चमक दिसली त्या दिवसांत ते पार उघडं होतं, नुसत्या काटक्या. त्या काटक्यांमधून ठिणगी आली आणि शिडीबाईंनी रस्ता मोकळा धरला. पण दोन महिन्यांनी झाड पानांनी गच्च भरलं आणि नकाशेवाल्याचं इंटरनेट आचके देऊ लागलं. वारा असला की येई, पडला की जाई. सासूबाईंनी त्याला भरपूर पाणी पाजलं. काही उपयोग झाला नाही.

शिडीबाई गच्चीवर आल्या, झाडाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. छपरावरच वाढलेल्या बाईच्या हातून ही चूक व्हावी याचं त्यांना हसूही आलं आणि रडूही. म्हणाल्या, "बाबांच्या वेळी झाडं आड येत नव्हती हो. टीव्हीला पानांतून दिसायचं. याला नाही दिसत."

ही कोयता घेऊन वर आली. झाड हिचं, कोय हिची, त्यामुळे निर्णयही हिचाच. म्हणाली, "कुठली फांदी आड येते ती दाखव. त्या पोराच्या नोकरीपेक्षा झाड मोठं नाही."

शिडीबाईंनी कोयता तिच्या हातातून काढून घेतला. "काकू, आज ही फांदी. पुढच्या वर्षी वरची. त्यानंतर शेजाऱ्यांचं झाड. मग काय सगळी टेकडी भादरायची? चूक माझी आहे. झाडाने आपलं काम केलंय."

मग काय करायचं? छत्री उंच न्यायची. पण किती उंच? ते नकाशेवाल्याने सांगितलं. त्याच्या खिडकीतून आमची गच्ची आणि झाड समोरच दिसायचं. पेन्सिल डोळ्यासमोर धरून त्याने सगळं मापलं आणि एक नकाशा काढला. टेकडी मधोमध कापल्यासारखी. वर आमचं घर, घरामागे झाड, खाली ओढा, मग उतार आणि त्याची खिडकी. खिडकीपासून आमच्या गच्चीवरच्या पाईपाच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ. झाडाच्या शेंड्यावरून ती मोकळी जात होती. आणि शेंड्याच्या वर त्याने तुटक रेघेने आणखी एक झाड काढलं होतं, हे पुढे वाढून कुठवर येईल ते. इंटरनेट बंद, त्यामुळे तो नकाशा पुन्हा बहिणीनेच टेकडी चढून आणला.

शिडीबाईंनी घरून वडिलांचा जुना पाईप आणला. पूर्वी सगळ्यात उंच घरांच्या अँटेनाला लावायचा, तो. नवऱ्याने रविवारी उचलून दिला. शिडीबाई आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढल्या, तिथून पाईपावर. मी खाली शिडी धरून उभा होतो. खरं तर तिला धरायची गरज नव्हती, पण मला काहीतरी करायचं होतं आणि त्यांनी करू दिलं. सकाळच्या उन्हात नकाशेवाल्याने पुन्हा आरसा दाखवला, आणि या वेळी ठिणगी पानांवरून आली.

तेव्हापासून ती एक पद्धतच पडली. त्याचं इंटरनेट गेलं की तो फोन करत नसे. सकाळ असली तर आरसा हलवायचा. मी गच्चीवर असायचोच. चमक दिसली की खाली जाऊन दिवा बघायचा, डबी बंद करायची, पाणी प्यायचं, चालू करायची. संध्याकाळी ऊन आमच्या बाजूला यायचं, तेव्हा मी हिचा आरसा घेऊन वर जायचो आणि तिकडे झळक पाठवायचो. म्हणजे, इकडे ठीक आहे. पुढे पुढे काही बिघडलेलं नसतानाही हे चालू राहिलं. सकाळी तो, संध्याकाळी मी. त्याची माझी समोरासमोर भेट फार थोड्या वेळा झाली असेल, पण त्याच्याइतका माझा कुणाशी नियमित संवाद झालेला मला आठवत नाही. हिला म्हणालो तर ती म्हणाली, "होय ना. तोंड उघडावं लागत नाही, मग जमणारच."

बरीच वर्षं अशी बरी गेली. टाकीवरून ही टेकडी, या टेकडीवरून तो उतार, आणखी दोन-तीन वस्त्या. शिडीबाईंच्या छत्र्या लांबूनही ओळखू यायच्या, कारण पाईपांना त्या आमच्या रंगाच्या कारखान्यातून आणलेला उरलासुरला हिरवा रंग लावायच्या. तो मीच मिळवून दिला होता.

मग इंटरनेट लोकांच्या खिशात आलं. मोबाईल कंपन्यांनी शहरात मनोरे उभे केले, आणि टेकडीच्या पुढच्या अंगाला छत्रीची गरजच उरली नाही. लोक एकेक करून सोडू लागले. सोडताना त्यांना शिडीबाईंच्या डोळ्यांत बघायचं जिवावर यायचं, म्हणून ते सासूबाईंना फोन करायचे. सासूबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "पण पाणी पिऊन बघितलंत का?" मागच्या उतारावरही, टेकडीच्या आडोशाला मोबाईल नीट लागत नसला तरी, गच्चीच्या अमुक कोपऱ्यात उभं राहिलं की लागतो असं लोकांनी शोधून काढलं. तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

शिडीबाई प्रत्येक छत्री स्वतः उतरवायला गेल्या. ज्या शिडीने चढवली त्याच शिडीने. भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवली, वर चुन्याचा हात फिरवला. एका घरी छत्रीत कोंबड्यांना दाणे घालत होते, ती त्यांनी तशीच राहू दिली. "कोंबड्यांची सोय झालीय, कशाला मोडायची?" म्हणाल्या. मी त्यांना एकदाही कुणाला नावं ठेवताना ऐकलं नाही. मला मात्र राग यायचा. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या मुलानेही हिला तसला मोबाईल दिला होता, आणि ही त्यावर विणकामाचे नमुने बघत होती.

शेवटी टाकीवरची छत्री, आमच्या दोन आणि नकाशेवाल्याची एक, एवढंच राहिलं.

एक दिवस शिडीबाई आल्या, स्वयंपाकघरात बसल्या. हिने चहा पुढे ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. म्हणाल्या, "काका, आता नाही रेटत. एका घरासाठी टाकीची परवानगी, तिथवर भाड्याने घेतलेली लाईन... बंद करावं लागणार."

त्या एका घराचं काय होणार हे तिघांनाही माहीत होतं. गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहून नकाशे पाठवता येत नाहीत, आणि त्याला तर उभंच राहता येत नव्हतं.

"त्याला सांगितलंस?" हिने विचारलं.

"आत्ता तिकडेच चालले आहे."

त्या गेल्या तेव्हा नकाशेवाल्याला सगळं ठाऊक होतं. येता-जाता बहीण उतारावरची छपरं बघायची; एकेक हिरवा पाईप गळत गेला तसं ती त्याला सांगत होती. तो त्यांना म्हणाला, "शिडीबाई, मी वाटच बघत होतो. इतकी वर्षं चाललं हेच खूप. ताई जाईल पुन्हा, जमवू काहीतरी." बहिणीचे गुडघे आता टेकडी चढण्यासारखे राहिले नव्हते. हे तोही जाणत होता. परत येताना शिडीबाई आमच्या गच्चीवर येऊन बसल्या. मीही जाऊन शेजारी बसलो. त्या म्हणाल्या, "त्याने मला समजावलं, काका. त्याने मला."

त्याच सुमारास आमच्या पुढच्या रस्त्यावर एका मोठ्या कंपनीचे लोक खणू लागले. काचेच्या तारेतून इंटरनेट येणार होतं. शिडीबाईंनी मुकादमाला विचारलं, टेकडीमागे नेणार का. तो म्हणाला, खाली खडक, मधे ओढा, आणि घरं किती? विषय संपला. मात्र या बाईला इथल्या प्रत्येक घराचं छप्पर पाठ आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने त्यांना कंपनीत काम देऊ केलं. दारोदार जाऊन तार आत घ्यायची, शिडी हवीच होती. मोठ्या कंपन्यांनी त्यांचा धंदा बुडवला, आणि आता त्यांच्यातल्याच एकीची तार लोकांच्या घरात न्यायची. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या विचार करून सांगते, आणि तशाच कंपनीच्या कचेरीत गेल्या. ही त्यांच्याबरोबर गेली होती, म्हणून तिथलं बोलणं मला शब्दशः माहीत आहे.

शिडीबाईंनी अधिकाऱ्याला विचारलं, कनेक्शन एकाच्या नावावर आणि पत्ता दुसऱ्याचा, असं चालतं का. पत्त्याच्या मालकाची हरकत नसेल तर चालतं, तो म्हणाला.

"मालकीणबाई या बसल्यात," शिडीबाई म्हणाल्या.

"तार कुठवर आणायची?"

"गच्चीपर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे हवा."

अधिकाऱ्याने चष्मा काढला आणि दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाला, "बाई, आमची जबाबदारी भिंतीपर्यंत. हवेचं आम्ही काही बघत नाही."

"नकाच बघू," ही म्हणाली.

कनेक्शन नकाशेवाल्याचं, पत्ता आमचा. काचेची तार आमच्या गच्चीपर्यंत येणार, तिथून शिडीबाईंची जुनी छत्री ते पलीकडे नेणार. पाण्याच्या टाकीची गरजच उरली नाही. पण शिडीबाईंनी टाकीवरची छत्री लगेच उतरवली नाही. तेव्हा झाड पुन्हा उघडं होतं. त्या म्हणाल्या, "एकदा फसलेय. या वेळी पानं येऊ देत." त्यांनी पदरमोड करून आपलं जुनं सगळं तसंच चालू ठेवलं, आणि पानं फुटायची वाट बघत राहिल्या. मी रोज सकाळी झाड बघायचो. इतकी वर्षं अंगणात असलेल्या झाडाकडे मी तोवर इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

झाड गच्च भरलं. एका स्वच्छ सकाळी शिडीबाई गच्चीवर आल्या, सासूबाईंनाही घेऊन आल्या. त्या बिचाऱ्या इतकी वर्षं फोनवर दिवे लावत होत्या, पण छत्री कशी असते ते त्यांनी जवळून पाहिलं नव्हतं. शिडीबाईंनी पाईपाचे नट पुन्हा आवळले, नवी तार जोडली, आणि आम्ही चौघं कठड्याशी उभे राहिलो. खालून ठिणगी आली. पानांच्या वरून, अगदी मोकळी. थोड्या वेळात हिच्या मोबाईलवर त्याचा फोन आला: दिवा हिरवा आहे.

सासूबाई म्हणाल्या, "आणि पाणी न पिताच?"

त्या दुपारी शिडीबाईंनी टाकीवरची छत्री उतरवली आणि कंपनीला हो सांगितलं. त्यांचा धंदा त्या दिवशी बंद झाला असं कागदावर म्हणता येईल.

शिडीबाई आता कंपनीच्या निळ्या शर्टात फिरतात. शिडी तीच. लोक तक्रार करायला अजून सासूबाईंनाच फोन करतात आणि त्या अजून पाणी पाजतात; कंपनीला याचा पत्ता नाही. नकाशेवाल्याच्या हाताखाली आता कचेरीतली दोन माणसं आहेत, ती त्याच्या खाटेशी शिकायला येतात. त्याची बहीण फक्त बाजाराला टेकडी चढते, तीही मनात आलं तर.

मला शिडीबाईंचे आभार मानायचे होते. त्या आमच्या गच्चीवर आल्या नसत्या तर मी या टेकडीवर घड्याळांची चित्रंसुद्धा न बघता म्हातारा झालो असतो. तोंडाने सांगायला गेलो तर 'बरं' एवढंच निघतं, म्हणून हे लिहिलं. ही म्हणते, त्यांना वाचून दाखवा. बघू.

परवा त्या छत्रीच्या क्लँपला तेल द्यायला आल्या होत्या. नकाशेवाल्याचा तो जुना नकाशा मी चौकट करून जिन्यात लावला आहे. वर जाताना त्या त्याच्यापुढे थांबल्या, गच्चीवर गेल्या, झाडाकडे बघितलं आणि खाली येऊन पुन्हा नकाशापुढे उभ्या राहिल्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "झाड तुटक रेघेला लागलं की हो."

ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मग पाईप वाढव."